कापसावरचे लाडू

विज्ञानापुढे कुणाचंही काही चालत नाही, हे भगवानराव गावंडे मास्तरांनी बोरी अरबच्या दोन पिढ्यांना शिकवलं, आणि स्वतःच्या घरात तर त्यांनी अंधश्रद्धेला उंबरा ओलांडू दिला नाही. दाराला लिंबू-मिरची नाही, ग्रहण पाळणं नाही, मांजर आडवी गेली तर मास्तर मुद्दाम दोन पावलं जोरात टाकत. अपवाद एकच. उंदरांना औषध घालायचं ठरलं, तर ते घरात बोलायचं नाही. उंदीर ऐकतात.

याला ते अंधश्रद्धा म्हणत नसत. माणसाला ऐकू येत नाहीत असे कितीतरी बारीक आवाज उंदराला ऐकू येतात, हे त्यांनी आठवीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं होतं. ज्याला एवढं ऐकू येतं त्याला एवढा साधा बेत ऐकू येणार नाही काय, असा त्यांचा सवाल होता. ऐकू येणं वेगळं आणि समजणं वेगळं, असं मुलगा बंटी एकदा म्हणाला. पुढे त्याला यवतमाळला नोकरी लागली आणि तो मुद्दा तसाच राहिला.

तसं पाहिलं तर सगळी गल्लीच हा नियम पाळते. उंदरांबद्दल काही ठरवायचं असेल तर नवरा-बायको वावरात, म्हणजे शेतात, जातात. ज्यांना वावर नाही ते बसस्टॉपवर जाऊन बोलतात. त्यामुळे संध्याकाळी बसस्टॉपवर जोडपं उभं दिसलं आणि बस आली तरी ते चढलं नाही, की त्यांच्या घरी उंदीर झालेत हे गावाला कळतं. फक्त उंदरांना कळत नाही.

यंदा मास्तरांच्या घरी उंदीर झाले ते कापसामुळे. भाव वाढेल म्हणून त्यांनी दिवाळीपासून कापूस विकला नव्हता. समोरची खोली खिडकीच्या वरच्या गजापर्यंत भरली होती. दाराजवळ एक दिवाण आणि दोन खुर्च्या मावतील एवढी जागा ठेवली होती आणि आलेला माणूस तिथे बसून, पाठ खाजवत चहा पीत असे. थंडी पडली तसे गल्लीतले यच्चयावत उंदीर या ढिगात राहायला आले. त्यांनी आधी सरकी खाल्ली, मग फ्रिजची वायर. शेवटी मास्तरांना 'विज्ञाननिष्ठ शिक्षक' म्हणून मिळालेलं सन्मानपत्र काचेच्या मागून शिरून खाल्लं. सही आणि शिक्का तेवढा राहिला.

पिंजरा लावून झाला. त्यात खारूताई आली. चिकट पुठ्ठा ठेवला, तर त्यात मास्तरांची चप्पल अडकली, आणि चप्पल सोडवताना मास्तर. तेव्हा संक्रांतीच्या दोन-चार दिवस आधी ते बायकोला, तानाबाईंना, घेऊन वावरात गेले आणि तुरीच्या ओळीत उभं राहून त्यांनी विषय काढला.

"लाडू बांधले काय तिळाचे?"

"बांधले. काहून?"

"त्यातले थोडे दे मले."

"तुमाले डाक्टरनं गोड कमी सांगतलं न?"

"मले नाही पाहिजे. त्यायले पाहिजे."

तानाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. जवळपास कोणी नव्हतं, तरी त्यांनी आवाज उतरवला. "मंग कनकीच्या गोळ्या करा न. माहे लाडू कायले नासवता?"

"कनकीच्या गोळ्या ओळखतात ते आता. मागच्या साली एकानं तरी तोंड लावलं काय? आता सन आहे. घरोघरी लाडू आहेत. त्यायले संशय येनार नाही."

"रुपालीले सांगून ठेवा मंग."

"सांगू कुठं? ते तर घरातच असते."

ही अडचण खरी होती. सून रुपाली, बंटीची बायको, वणीची. लग्न होऊन तिसरा महिना. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीआधी वावरात कशाला न्यायचं, म्हणून तिचं वावर पाहायचं राहिलं होतं, आणि तिला बसस्टॉपवर नेऊन उभं करणं बरं दिसलं नसतं. तिला कळायचं ते आपोआप कळेल, असं दोघांनी धरलं.

मास्तरांनी वावरातल्या झोपडीत लाडू दगडानं फोडले, त्यात कृषी केंद्रातून आणलेली काळी पूड मिसळली, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून गुळाच्या नव्या पाकात ते पुन्हा वळले. पाक जरा पुढे गेला. पण लाडू तानाबाईंच्या लाडवांपेक्षा गोल झाले, आणि याचा त्यांना मनातून आनंद झाला. मग त्यांनी हात साबणानं धुतले, मातीनं धुतले, पुन्हा साबणानं धुतले आणि संक्रांतीच्या सकाळी, घरात कुणाशी एक शब्द न बोलता, ते ताट कापसाच्या ढिगावर नेऊन ठेवलं.

दुपारी रुपालीचे वडील आले. श्रावणराव राजूरच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले. मोठ्या आवाजाचा, पण मुलीच्या सासरी आला की आवाज घरी ठेवून येणारा माणूस. पहिली संक्रांत म्हणून मुलीला काळं लुगडं घेऊन वणीहून सकाळच्या गाडीनं निघाले होते. अंगात कोट, तोंडात नवी कवळी. तानाबाई गल्लीत हळदीकुंकवाची बोलावणी करायला गेल्या होत्या आणि मास्तर मागे गोठ्यात होते, म्हणून पोहे, लाडू आणि चहा रुपालीनंच दिला.

मास्तर हात धुऊन समोर आले. रामराम झाला. कापसाच्या भावावर बोलणं झालं. बोलता बोलता मास्तर ढिगाच्या कडेनं वर चढले आणि त्यांनी पाहिलं. ताट नव्हतं.

एकही लाडू नाही, हे समजण्यासारखं होतं. पण ताट?

ते उतरले आणि स्वयंपाकघरात गेले. रुपाली चहाचं भांडं विसळत होती.

"रुपा, ते... कापसावर..."

"लाडवाचं ताट न मामाजी? मी काढलं ते मघा. उंदरायनं खाऊन टाकले असते न सगळे."

घरात तो शब्द मोठ्यानं उच्चारला गेला तसा मास्तरांचा हात आपोआप वर गेला. "हळू बोल," ते म्हणाले. मग ती काय बोलली ते त्यांच्यापर्यंत पोचलं.

"काढून कुठं ठेवले?"

"डब्यात, बाकीच्यायसोबत. वरचे दोन बाबाले दिले. छान गोल होते."

मास्तर वळले. समोरच्या खोलीपर्यंतचं अंतर फार नव्हतं, पण तेवढ्यात त्यांना आठवीचं पुस्तक, पाठ आणि पान, सगळं आठवलं. ही पूड पोटात गेली की पाणी आणि आम्ल यांच्याशी मिळून विषारी वायू होतो. त्याला उतारा नाही. हे ते मुलांना सांगत आणि पुढे म्हणत, म्हणून वावरात औषधं हाताळताना काळजी घ्यावी.

श्रावणरावांच्या पुढची ताटली रिकामी होती. पोह्यातला एक शेंगदाणा तेवढा कडेला होता.

"लाडू..." मास्तर म्हणाले.

"खाल्ले न. एकदम मस्त. ईनबाईच्या हाताची तर गोष्टच वायली," श्रावणराव घाईघाईनं म्हणाले. "रुपा, जरा पानी दे वं माय. लय तहान लागली."

रुपाली तांब्या-भांडं घेऊन आली. श्रावणरावांनी भांडं तोंडाशी नेलं आणि मास्तरांनी ते हातानं उडवलं. भांडं दिवाणाच्या पायावर आपटलं, पाणी श्रावणरावांच्या कोटावर आणि थोडं कापसावर गेलं.

 इवायाच्या, म्हणजे व्याह्याच्या, हातातलं पाणी उडवणं ही गोष्ट बोरी अरबच्या इतिहासात झालेली नव्हती. त्यासाठी शब्दच नव्हता. रुपालीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"पानी पिऊ नका," मास्तर म्हणाले. "चला."

"कुठं?"

"बाहेर. चला तुम्ही आधी."

इथे कोणताही माणूस जे बोलला असता ते मास्तरांच्या ओठापर्यंत आलं होतं. पण पन्नास वर्षांची सवय होती. ढिगात कुठेतरी खुडबुड झाली आणि त्यांनी तोंड मिटलं. श्रावणरावांचा दंड धरून त्यांना दाराबाहेर काढलं, ओट्यावरून उतरवलं, गल्लीत आणलं. गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत, एका घरातले उंदीर दुसऱ्या घरात जातात, म्हणून तिथेही थांबता आलं नाही. श्रावणराव अर्धे पळत होते. चार घरं पुढे हळदीकुंकवाची बोलावणी करून परत येणाऱ्या तानाबाई भेटल्या.

"कुठं निंगाले इवाई एवढ्यात?"

"तो डबा कोनाले देऊ नको," मास्तर म्हणाले. "घरातलाही कोनी खाऊ नका."

"काहून? आता बाया येतील न."

मास्तरांनी घराकडे पाहिलं, मग श्रावणरावांकडे पाहिलं. तानाबाईंना कळलं. त्या घरात धावल्या आणि क्षणात रुपालीला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. तिलाही सांगायचं तर घराबाहेरच सांगायला हवं होतं.

मास्तर हापशीपाशी थांबले. आजूबाजूला मोकळी जागा होती. श्रावणरावांनी हापशी पाहिली आणि दांडा धरला. मास्तरांनी त्यांचा हात दांड्यावरून सोडवला.

"भगवानराव, माहं काही चुकलं काय?" श्रावणराव हळूच म्हणाले. "पोरीचं काही चुकलं काय? सांगा तरी."

"तुम्ही खाल्ले ते लाडू," मास्तर म्हणाले आणि त्यांचा आवाज पोरांसारखा फाटला, "त्यायच्यात औषध होतं. उंदराचं. मी घातलं होतं."

श्रावणराव बघत राहिले. त्यांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच घट्ट राहिला. त्यांच्या छातीत दुखून राह्यलं, असं मास्तरांना वाटलं.

"नक्की?" श्रावणरावांनी विचारलं.

"नक्की."

श्रावणरावांनी तोंड उघडलं. गल्लीच्या तोंडाशी तानाबाई आणि रुपाली उभ्या होत्या. तानाबाई तोंडाला पदर लावून रुपालीला काही सांगत होत्या. श्रावणरावांनी तोंड मिटलं.

गावातल्या देवीलालची पिकअप कापूस घेऊन जिनिंगला चालली होती, ती थांबवली. कापसाच्या गाठोड्यांवर मागे बसायची वेळ नव्हती, म्हणून तिघंही पुढे दाटीनं बसले. देवीलालनं एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा पाहुण्याकडे, आणि दारव्ह्याच्या रस्त्यावर गाडी अशी सोडली की खड्डे आले ते गेल्यावर कळले.

"काही होऊन राह्यलं काय? मळमळ?" मास्तर दर थोड्या वेळानं विचारत.

"नाही."

"पोटात आग?"

"नाही बाप्पा." मग जरा थांबून, "आता विचारलं तर थोडी वाटते."

"तोंडाले लसणासारखा वास येते काय?"

"माह्या नाकानं खाणीतच काम सोडलं. मले वास येत नाही."

मास्तरांनी खिडकीबाहेर तोंड केलं. हा माणूस मेला तर काय होईल, हे त्यांनी क्रमानं मांडून पाहिलं. सून विधवा होणार नव्हती, पण पोरकी होणार होती. तिच्या हातून बापाला विष गेलं, हे तिच्या नावाला लागणार होतं, आणि ते कधी सुटणार नव्हतं. आपण पोलिसात काय सांगू तेही त्यांनी ठरवून ठेवलं. उंदीर ऐकतात म्हणून सांगितलं नाही, असं सांगायचं. ते वाक्य त्यांनी मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. दर वेळी ते आणखी वाईट वाटलं.

"देवीलाल, जरा हळू चालव," श्रावणराव म्हणाले. "तिथं जाऊस्तोवर जिवंत राह्यलो पाहिजे."

सरकारी दवाखान्यात संक्रांतीमुळे गर्दी नव्हती. ड्यूटीवर डॉक्टर ममता होत्या, वयानं रुपालीएवढ्याच. त्यांनी श्रावणरावांना खाटेवर झोपवलं, नाडी धरली आणि विचारलं, "काय खाल्लं?"

मास्तरांनी वर छताकडे पाहिलं, कोपऱ्यांकडे पाहिलं. औषधांच्या खोक्यामागे काहीतरी हललं.

"जरा बाहेर येता काय?" ते म्हणाले.

"पेशंटला सोडून? इथंच सांगा."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि टेबलावरच्या कागदावर दोन शब्द लिहिले. डॉक्टरांनी वाचलं. त्यांचा चेहरा पार बदलला. त्यांनी सिस्टरला हाक मारली, नळी आणायला सांगितली, यवतमाळला फोन करायला सांगितला, आणि मग त्या एकदम मोठ्यानं बोलायला लागल्या.

"उंदराचं औषध? आणि हे तुम्ही लिहून देताय? किती वेळ झाला? बाबा, किती खाल्लं तुम्ही? नीट सांगा."

श्रावणराव डॉक्टरांकडे बघत होते, मग खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मास्तरांकडे.

"तुम्ही बाहेर थांबा हो," डॉक्टर मास्तरांना म्हणाल्या.

"मी नाही जाणार," मास्तर म्हणाले. "माझी जबाबदारी आहे."

"बाबा, किती?"

"दोन," ते म्हणाले. "म्हनजे... दोन दिले होते."

"पोलिसांना कळवावं लागेल. दिलं कोणी?"

पुढचा क्षण मास्तरांना नंतर कधी नीट आठवला नाही. "मी," ते म्हणाले. "मी स्वतः दिले. ताटलीत घालून. सुनेचा काही संबंध नाही."

श्रावणरावांनी डोळे मिटले. मग उघडले आणि ते मास्तरांकडे असे पाहत राहिले की जणू त्या माणसाला पहिल्यांदाच बघत होते. त्यांचे ओठ हलले.

"काय म्हन्ता?" मास्तर जवळ वाकले.

"काही नाही," श्रावणराव म्हणाले. "कवळी काढून ठेवा माही."

नळी नाकातून गेली. त्यांचे पाय खाटेवर आपटले, सिस्टरनं ते दाबले, एक पाय मास्तरांनी दाबला. औषधाचं जांभळं पाणी आत गेलं, बाहेर आलं, पुन्हा गेलं. माणसानं करू नयेत असे आवाज ते करत होते. मास्तरांनी तो पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि डोळे मिटले. आयुष्यात त्यांनी देवाचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी आत्ताही ते घेतलं नाही, पण ते कुणाला तरी काहीतरी म्हणत होते एवढं नक्की.

नळी निघाली. श्रावणराव एका कुशीवर पडून खोकत राहिले. डॉक्टरांनी पोटातून निघालेल्या पाण्याचं घमेलं खिडकीच्या उजेडात नेलं आणि त्यात बराच वेळ पाहिलं. चमच्यानं हलवलं. परत पाहिलं.

"काका," त्या मास्तरांना म्हणाल्या, "लाडू कशाचे होते?"

"तिळाचे."

"यात पोहे आहेत. शेंगदाणे आहेत. चहा आहे." त्यांनी घमेलं खाली ठेवलं. "तीळ नाहीत. एकही नाही."

श्रावणरावांचा खोकला चालूच होता. तो थांबला. त्यांनी हात कोटाच्या खिशात घातला आणि रुमालाची एक पुरचुंडी काढून खाटेवर ठेवली. रुमाल सोडला. आत दोन लाडू होते. एकावर दाताचा ओरखडा होता, नखानं काढावा तेवढा.

डॉक्टरांनी तो नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला. "औषध आहे यात," त्या म्हणाल्या. "भरपूर आहे."

"खाल्ले नाहीत?" मास्तरांनी विचारलं.

"एकाले दात लावला." श्रावणरावांचा आवाज घासून घासून येत होता. "कवळी हालली. नवी आहे. म्हटलं, लाडवात अडकली त पोरीच्या घरी शोभा होईन. पोरगी चहा आनाले आत गेली तं खिशात टाकले."

"मग हापशीपाशी सांगायचं न. गाडीत सांगायचं. इथं तरी सांगायचं," मास्तर म्हणाले.

"तो ओरखडा गेला न पोटात. भेव तं होतंच." त्यांनी मास्तरांकडे पाहिलं नाही. "आन तुमी समोरच उभे. इवायाच्या तोंडावर कसं सांगू, तुमच्या घरचे लाडू चावत नाही मनून?"

डॉक्टर बाहेर गेल्या. त्या व्हरांड्यात थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, असं सिस्टरनं नंतर सांगितलं.

मास्तर खाटेच्या कडेला बसले.  त्यांनी रुमालाची पुन्हा पुरचुंडी बांधली.

"ते कडक मीच केले होते," ते म्हणाले. "पाक पुढे गेला माझा."

"असं काय," श्रावणराव म्हणाले. त्यांना बरं वाटलं. "मंग ईनबाईले काही सांगू नका."

ओरखड्याची खात्री नाही म्हणून त्यांना तिथे दोन दिवस ठेवून घेतलं. काही झालं नाही. तानाबाईंनी डब्यातले सगळे लाडू, चांगले आणि वाईट, वावरात खड्डा करून पुरले, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायांना दुकानातला हलवा दिला.

महाशिवरात्रीच्या आधी भाव उतरला आणि मास्तरांनी कापूस विकून टाकला. देवीलालच्या पिकअपमधून तो जिनिंगला गेला आणि त्याच्यासोबत उंदीरही गेले.